‘ख्रिस्तपुराण, १६१६’ एवढं लिहून भागत नाही

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि तेव्हापासून एक जुनी ओवी पुन्हा जोरात फिरू लागली. ऑक्टोबरात येते, २७ फेब्रुवारीला येते, कॉलेजच्या भित्तिपत्रकावर येते.

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

खाली बहुधा एवढंच असतं: ‘ख्रिस्तपुराण, १६१६’. मोबाइलवर आलेल्या शुभेच्छेला तेवढं पुरतं. पण सावंतवाडी, रत्नागिरी, वसईकडची मुलं मराठीच्या किंवा इतिहासाच्या प्रकल्पात ही ओवी घेतात, तेव्हा तीच ओळ जशीच्या तशी संदर्भसूचीत जाऊन बसते. मार्गदर्शक ‘एमएलएत दे’ म्हणतात, दुसऱ्या विभागात एपीए मागतात (या दोन्ही संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या शैली), इतिहासवाल्यांना तळटिपा हव्या असतात. मुलं गोंधळतात ती इथे. मला मात्र वाटतं, शैलीचा प्रश्न नंतरचा आहे. आधीचा प्रश्न असा, की ही ओवी तुम्ही नेमकी कुठल्या पुस्तकात वाचलीत? कारण १६१६ साली छापलेली प्रत आज कोणाच्याच हातात नाही.

आधी हा ग्रंथ कुठला ते पाहू

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरला. भारतात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्याचं नाव घेतात. पुढची चाळीसेक वर्षं त्याने गोव्याच्या साष्टी भागात काढली आणि १६१९ मध्ये तिथेच त्याचा शेवट झाला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपली जुनी पुराणं ऐकायची सवय होती. त्यांच्या कानाला रुचेल अशा ओवीछंदात त्याने बायबलची कथा रचली. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं येशूच्या चरित्राचं. अध्यायांना त्याने ‘अवस्वरू’ म्हटलं आहे. पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू, मिळून सुमारे ११ हजार ओव्या. भाषा मराठी, तिच्यात कोंकणीचा वास ठिकठिकाणी.

ग्रंथ छापला गेला राचोलच्या जेझुइट कॉलेजात, १६१६ मध्ये. तेव्हा गोव्यात देवनागरी खिळे नव्हते, म्हणून छपाई रोमन लिपीत झाली. शीर्षकही पोर्तुगीज होतं. त्याचा अर्थ साधारण ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचं निरूपण’. ‘ख्रिस्तपुराण’ हे नाव मागाहून रूढ झालं. १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध आदेश काढला आणि अशा ग्रंथांना वाईट दिवस आले. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ जगला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमधून. हे मला फार मोलाचं वाटतं. कोणीतरी, बहुधा चर्चच्या कामासाठी, अकरा हजार ओव्या बसून लिहून काढल्या, म्हणून आपण आज ती चार ओळींची ओवी एकमेकांना पाठवू शकतो.

मग संदर्भशैली म्हणजे काय?

संदर्भ म्हणजे वाचकाला दिलेला पत्ता. कोकणातल्या घराचा पत्ता लिहिताना कोणी ‘मु. पो.’ आधी लिहितं, कोणी वाडी आधी लिहितं, कोणी तालुका गाळून थेट पिनकोड देतं. क्रम वेगळा असला तरी पोस्टमन घरी पोचतो. पण वाडीचं नावच चुकलं, तर कितीही नेटका लिहिलेला पत्ता कामाचा नाही.

संदर्भशैली म्हणजे या पत्त्याचा ठरलेला क्रम आणि विरामचिन्हं, बस्स. भाषा-साहित्याच्या विभागांत एमएलए चालते, समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र यांत एपीए, आणि इतिहासात बऱ्याचदा शिकागो. प्रत्येकीचं मन वेगळ्या गोष्टीवर आहे. एमएलएला लेखक आणि मजकुरातली नेमकी जागा महत्त्वाची. एपीएला वर्ष महत्त्वाचं, म्हणून ते नावाला चिकटून येतं. शिकागोच्या तळटिपांच्या पद्धतीला पुस्तकाचा सगळा प्रवास सांगायला आवडतो, आणि म्हणूनच जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांना ती जवळची वाटते.

हातातली प्रत कोणती?

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळा घोळ इथेच होतो.

आज वाचकाला मिळू शकतील अशा प्रती काही मोजक्या आहेत. १९०७ मध्ये जोसेफ सालदान्हा यांनी मंगळूरहून हस्तलिखितांच्या आधारे रोमन लिपीतली आवृत्ती काढली, इंग्रजी प्रस्तावना आणि शब्दसूचीसह. सायमन आल्वारिस हे तिचे प्रकाशक. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाकडून ‘फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराण’ देवनागरीत आणलं. मराठी वाचकाची या ग्रंथाशी खरी गाठ त्या पुस्तकाने घालून दिली. १९९६ मध्ये कारीदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. २००९ मध्ये नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठी गद्यरूपासह मोठी आवृत्ती सिद्ध केली, ती बेंगळुरूच्या क्रिस्तु ज्योती प्रकाशनाची.

याखेरीज लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत, म्हणजे ‘सोआस’मध्ये, मार्सडेन संग्रहातलं एक देवनागरी हस्तलिखित आहे. जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात ते अभ्यासकांच्या नजरेला आणलं. रोमन प्रतींमध्ये जिथे चर्चचे पोर्तुगीज शब्द येतात, तिथे या हस्तलिखितात पुष्कळदा संस्कृत शब्द दिसतात.

आता कल्पना करा, एखाद्याने प्रबंधात लिहिलं की ‘स्टीफन्स धार्मिक संकल्पनांसाठी पोर्तुगीज शब्द वापरतो’, आणि खाली संदर्भ दिला ‘ख्रिस्तपुराण, १६१६’. दुसऱ्याने मार्सडेन हस्तलिखित वाचून नेमकं उलट लिहिलं, आणि संदर्भ तोच. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील, पण तिसऱ्या माणसाला वाद सोडवायला काही मार्गच उरत नाही. कोणती प्रत पाहिली ते लिहिलं असतं, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

लिपीचंही असंच आहे. १९०७ च्या प्रतीतून ओवी घेऊन तुम्ही ती देवनागरीत लिहिली, तर ‘ळ’ कुठे घालायचा, ‘हरळां’वर अनुस्वार द्यायचा का, ‘माजि’ ऱ्हस्व की दीर्घ, हे निर्णय तुमचे असतात. रोमन अक्षरांतून ते आपोआप ठरत नाहीत. म्हणून शेवटी कंसात ‘लिप्यंतर माझं’ एवढं जोडा. बंडेलूंच्या प्रतीतून घेतलीत तर हे निर्णय बंडेलूंचे आहेत, आणि त्याचं श्रेय किंवा जबाबदारी त्यांच्या नावावर जायला हवी.

तीच प्रत, तीन शैलींत

समजा तुमच्यासमोर १९५६ ची बंडेलूंची प्रत आहे आणि दुसऱ्या पुराणाच्या पाचव्या अवस्वरूतली विसावी ओवी तुम्हाला उद्धृत करायची आहे.

एमएलएच्या नवव्या आवृत्तीनुसार (२०२१) सूचीतली नोंद अशी होईल:

स्टीफन्स, थॉमस. *फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराण*. संपादक शांताराम बंडेलू, प्रसाद प्रकाशन, १९५६.

आणि मजकुरात, ओवीच्या शेवटी, कंसात: (स्टीफन्स २.५.२०). पहिला आकडा पुराणाचा, दुसरा अवस्वरूचा, तिसरा ओवीचा. मूळ साल सांगावंसं वाटलं तर सूचीत शीर्षकानंतर लगेच ‘१६१६’ घालायला एमएलए परवानगी देते.

एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार:

स्टीफन्स, थॉ. (१९५६). *फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराण* (शां. बंडेलू, संपा.). प्रसाद प्रकाशन. (मूळ ग्रंथ १६१६ मध्ये प्रकाशित)

मजकुरात: (स्टीफन्स, १६१६/१९५६, २.५.२०). ही तिरकी रेघ मला एपीएतली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते. ग्रंथ केव्हाचा आणि मी वाचलेली प्रत केव्हाची, दोन्ही वाचकाला एका नजरेत कळतं. नुसतं (स्टीफन्स, १९५६) लिहिलं की वाटतं, हा कोणी नेहरूंच्या काळातला कवी असावा.

शिकागोत पहिली तळटीप सविस्तर असते:

थॉमस स्टीफन्स, *फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराण*, संपा. शांताराम बंडेलू (पुणे: प्रसाद प्रकाशन, १९५६), दुसरे पुराण, अवस्वरू ५, ओवी २०.

पुढच्या वेळी नुसतं ‘स्टीफन्स, *ख्रिस्तपुराण*, २.५.२०’ पुरे. लेखाच्या शेवटच्या सूचीत आडनाव आधी येतं. तळटिपेत मात्र नाव आधी, कारण तळटीप अकारविल्हे लावायची नसते.

तिन्हींत एक चूक वारंवार दिसते: बंडेलूंना लेखक म्हणून पहिल्या जागी बसवणं. ओवी स्टीफन्सची असेल तर स्टीफन्स आधी. पण तुमचा लेख बंडेलूंच्या प्रस्तावनेवर असेल, त्यांनी देवनागरीत आणताना काय केलं यावर असेल, तर मात्र बंडेलू पहिल्या जागी आणि पुढे ‘संपा.’. फलकावांच्या आवृत्तीत आणखी एक पायरी वाढते. ओवी उद्धृत केलीत तर शब्द स्टीफन्सचे, गद्य उद्धृत केलंत तर शब्द फलकावांचे. ते गद्य अवतरणचिन्हांत घालून खाली स्टीफन्स लिहिणं म्हणजे सतराव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी एकविसाव्या शतकातली मराठी घालणं.

लेखकाच्या नावाचीही नाना रूपं आहेत. स्टीफन्स, स्टीव्हन्स, पोर्तुगीज वळणाचं इस्तेवांव, शिवाय बस्टन. तुम्ही कुठलंही एक रूप धरा, सूचीत तेच सर्वत्र ठेवा, आणि एखाद्या प्रतीच्या शीर्षकपानावर वेगळं असेल तर तिथे चौकटी कंसात तसं नोंदवा. नाहीतर एकाच माणसाची सूचीत तीन माणसं होतात.

पानाचा आकडा का देऊ नये?

द्या, हरकत नाही, पण एकट्या पानाच्या आकड्यावर विसंबू नका. तुमच्या हातातल्या प्रतीचं पान २१४ दुसऱ्या आवृत्तीत भलतीच कथा दाखवेल. ओवीचा आकडा आवृत्ती बदलली तरी फारसा लांब जात नाही. ‘माझा मराठीचि बोलु कौतुकें’ सांगताना आपण ज्ञानेश्वरी ६.१४ म्हणतो, पान सांगत नाही. तीच रीत इथे आहे, आणि तिन्ही शैलींना ती मान्य आहे.

‘फारसा’ हा शब्द मुद्दाम वापरला. हस्तलिखितांत ओव्या गळतात, वाढतात, मागेपुढे होतात. म्हणून आकड्याबरोबर प्रत सांगायची.

‘बायबलला नुसतं अध्याय-वचन पुरतं, मग याला का नाही?’

वाजवी शंका आहे. वसईच्या चर्चमध्ये ‘योहान ३:१६’ म्हटलं की कोणीही आपल्या घरचं बायबल उघडून ते वचन काढतं. याचं कारण, बायबलच्या वचनांना सोळाव्या शतकात क्रमांक पडले आणि जगभरच्या छापील प्रतींनी थोड्याफार फरकाने तेच स्वीकारले. ख्रिस्तपुराणाला ती शतकानुशतकांची छापील परंपरा मिळाली नाही. १६५४ नंतर थेट १९०७. मधली अडीचशे वर्षं ग्रंथ हस्तलिखितांत होता. आणि बायबलच्या बाबतीतही भाषांतर कुठलं ते तिन्ही शैली विचारतातच.

गावाचं नाव गाळलं तर?

नव्या पुस्तकांसाठी प्रकाशनाचं गाव लिहिण्याची पद्धत आता मावळते आहे. एमएलए आणि एपीए ते मागत नाहीत. शिकागोनेही २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत ती सक्ती काढली. मी वरच्या तळटिपेत पुणे लिहिलं, ते मराठी पुस्तकाला गाव असलेलं बरं म्हणून.

जुन्या ग्रंथांचं गणित वेगळं आहे. १९०० पूर्वीच्या छापील पुस्तकांत प्रकाशक ही संस्था आजच्या अर्थाने नसते, मुद्रक असतो, मठ असतो, आणि ओळख गावावरून पटते. म्हणून एमएलए आणि शिकागो अशा ग्रंथांना गाव लिहू देतात. आपल्या किनाऱ्यावर तर ते लिहायलाच हवं, आणि नीट लिहायला हवं, कारण कोकणात साष्टी दोन आहेत. एक मुंबईच्या उत्तरेची, ठाणे-वांद्रे-बोरिवलीची. दुसरी गोव्यात, मडगाव-राचोलची. दोन्हीकडे पोर्तुगीज होते, दोन्हीकडे चर्चेस आहेत. ‘साष्टी, १६१६’ एवढंच वाचून कोणी ख्रिस्तपुराण वांद्र्याला नेऊन ठेवलं तर त्याला दोष देता येणार नाही. ‘राचोल, साष्टी (गोवा)’ असं लिहा.

‘हे सगळं सॉफ्टवेअर करून देतं’

झोटेरो, मेंडेली ही संदर्भनोंदी सांभाळणारी चांगली साधनं आहेत. शैली बदलायची झाली तर एका क्लिकवर दोनशे नोंदी बदलतात, आणि हाताने ते करण्यात शहाणपण नाही. पण रकान्यांत काय भरायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं. संपादकाचा रकाना वेगळा आहे, तिथे बंडेलू जायला हवेत. मूळ प्रकाशनवर्षासाठी झोटेरोत ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात सोय आहे, तिथे १६१६ टाकलं तरच एपीएची ती तिरकी रेघ मिळेल.

एआयला विचारून तयार केलेल्या नोंदीबद्दल जास्त काळजी घ्या. ती दिसायला बिनचूक असते, स्वल्पविराम जागच्या जागी असतात, आणि संपादक एका आवृत्तीचा, प्रकाशक दुसऱ्या, साल तिसऱ्याच असं होऊ शकतं. पुस्तकाचं शीर्षकपान आणि त्याची पाठची बाजू, या दोन पानांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक शब्द त्यावरून तपासा. जुन्या वाचनालयात पुस्तक पुन्हा बांधताना ही पानं कधी कधी निघून गेलेली असतात. अशा वेळी दुसरीकडून मिळवलेली माहिती चौकटी कंसात द्या, म्हणजे ती पुस्तकातून आलेली नाही हे वाचकाला समजेल.

‘मराठीत लिहिताना या परक्या शैली कशाला?’

विद्यापीठाने किंवा नियतकालिकाने सांगितली असेल तर पाळायची, एवढं साधं आहे. न सांगितल्यास आपली रूढ मराठी पद्धतही पूर्ण आहे: ‘स्टीफन्स, थॉमस, फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराण, संपा. शांताराम बंडेलू, प्रसाद प्रकाशन, पुणे, १९५६.’ यात काय उणं आहे? काहीच नाही. फक्त एका लेखात एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवावी. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी मराठी शीर्षक रोमन लिपीत देऊन, एपीए असेल तर, पुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ द्यायचा असतो.

आणि यात व्यवहारही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधाची साधर्म्य तपासणी होते, म्हणजे तो दुसऱ्यांच्या मजकुराशी किती जुळतो ते मोजतात. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळली जाते. दहा ओव्या नीट श्रेय देऊन घेतल्या तर त्या तुमच्या बाजूने उभ्या राहतात.

‘मी मूळ पुस्तक पाहिलेलंच नाही’

बहुतेकांची खरी अवस्था हीच असते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ओवी पाठ्यपुस्तकात भेटली, एखाद्या लेखात भेटली, भाषणात ऐकली. मग तसंच लिहा. जिथे वाचलीत त्या लेखाची नोंद सूचीत द्या आणि मजकुरात ‘स्टीफन्स, उद्धृत’ असं म्हणून त्या लेखकाचं नाव आणि पान सांगा. एमएलए आणि एपीए दोघींत याची सोय आहे. शिकागो शक्यतो मूळ पाहा म्हणते, पण अगदीच मिळालं नाही तर तळटिपेत दोन्ही नोंदी देऊ देते.

पदवीच्या प्रकल्पाला एवढं चालतं. पीएचडीला चालू नये, असं माझं मत आहे. देवनागरी आवृत्त्या वाचनालयांतून मिळू शकतात, जवळ नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीने मागवता येतात, १९०७ ची प्रत स्कॅन करून ठेवलेल्या रूपात वाचता येते. स्कॅन वाचलात तर छापील पुस्तकाची पूर्ण नोंद द्या आणि शेवटी कोणत्या संकेतस्थळावर पाहिली ते जोडा. नुसती लिंक देऊ नका. आणि प्रत हातात आली की ती चार ओळींची ओवी शोधून तिथेच पुस्तक मिटू नका. पहिल्या पुराणाच्या पहिल्या अवस्वरूत तिच्या आगेमागे स्टीफन्सने मराठीबद्दल आणखी ओव्या लिहिल्या आहेत, त्याही वाचा आणि त्यांचेही आकडे टिपून घ्या.